कुऱ्हाडीचा पुठ्ठा

गोजराबाईच्या शिलाई मशीनचं चाक तेवढं शाबूत राहिलं आणि बाकीचं मशीन अंगणात फुटून पडलं, तिथून या गोष्टीला सुरुवात होते.

मशीन तिच्या माहेरचं. हातानं फिरवायचं, काळं कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. तिचा नवरा उकंडराव नाटक मंडळी चालवायचा. मंडळीचे पडदे, पाटलाचा कोट, सोंगाड्याची विजार, सगळं त्याच मशीनवर शिवून निघे. एका सकाळी कोटाची बाही उलटी लागली. एवढंच निमित्त झालं. उकंडरावानं मशीन दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, नाटकातला भीम गदा उचलतो तसं, आणि दारातून बाहेर भिरकावलं. मग तो गोजराबाईकडे वळला. तिला मारायला त्याला काही शोधावं लागत नसे. हाताशी येईल ते चाले. चुलीतलं लाकूड, बैलाचा आसूड, कमरेचा पट्टा.

गोजराबाई ओरडत नसे. पदर दातांत धरायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. शेजारची हिरीबाई म्हणायची, "बोंबल ना वं माय! आमी तरी येऊ धावून."

"बोंबललं का त्याले आनखी जोर येते," गोजराबाई सांगायची आणि पाठीला हळद लावून पुन्हा कामाला लागायची.

उकंडराव केनवडकडचा. घरची कोरडवाहू शेती, तालमीत कमावलेलं शरीर. घरात तो कसा होता ते सांगून झालं; पण रंगमंचावर उभा राहिला की माणूस अस्सल नट होता, हेही सांगायलाच हवं. मंडळीचं नाटक एकच, 'जळकं वतन'. त्यात तो दुष्ट पाटील. मजुरांना बडवणारा, शेवटच्या प्रवेशात त्याच मजुरांच्या काठ्या खाणारा आणि कुऱ्हाडीच्या घावानं मरणारा. काय मरायचा! गुडघा दुमडायचा, उठायचा, पुन्हा कोसळायचा, डोळे पांढरे करायचा. आणि कुऱ्हाड बसली की पालथा, एक हात छातीखाली, दुसरा पुढं मातीत रुतलेला. पडदा पडेपर्यंत पाठीवरचा श्वाससुद्धा दिसत नसे.

उणं एकच होतं. काठ्या मारायच्या जमिनीवर, आणि आवाज काढायचा तो पडद्यामागं पोत्यावर दांडका आपटून. मागं बसलेल्यांना तो ऐकू जात नसे. पाटील का लोळतोय हेच त्यांना कळत नसे. लोक हसायचे.

म्हणून उकंडरावानं मंगरूळपीरच्या भिवाजीला मंडळीत आणलं.

भिवाजी मूळचा इंझोरीचा, छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातला. तरुणपणी तो नागपूरला हातमागाच्या कारखान्यात राबला होता, मग रेडिओ दुरुस्ती शिकला आणि मंगरूळपीरला दर्ग्याच्या रस्त्यावर त्यानं टपरी टाकली. मागावर त्यानं एक नवल पाहिलं होतं. लुगड्याच्या काठावरचे मोर विणकराच्या डोक्यात नसतात, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असतात. पुठ्ठा सरकला की भोकांप्रमाणं दोरे उचलले जातात. पुठ्ठा बदलला की मोराचा पोपट होतो.

"मंग आवाजाचंही तसंच काहून नाई?" असं म्हणून भिवाजी पेटी बनवायला बसला.

पेटी देवदाराच्या फळ्यांची. आत जुन्या रेडिओंतून काढलेले ट्रान्झिस्टर. एक बारीक शिट्टीसारखा वाजे, एक खाली घुमे, आणि एक बिघडलेला होता, तो नुसता फसफसायचा. बिघडलेलाच भिवाजीचा लाडका. "वारा, पानी, आग, समदं याच्याच पोटात हाय," तो म्हणायचा. वर पितळी पट्ट्यांची रांग, खाली तांब्याचा पत्रा, मधून पुठ्ठा सरकायचा. जिथं भोक येई तिथं पट्टी पत्र्याला टेके आणि त्या पट्टीचा आवाज भोंग्यातून बाहेर पडे. विजेला ट्रॅक्टरची बॅटरी. पेटीला स्वतःची अक्कल काडीची नव्हती. पुठ्ठा सांगेल ते ती बोले. एक पुठ्ठा म्हणजे एक आवाज. घोडा, वीज, बंदूक, करकरणारं दार. आणि पुठ्ठ्याला पुठ्ठा दोऱ्यानं शिवला की माळ व्हायची. माळ लावून चाक फिरवलं की अख्खा प्रवेश वाजत जायचा.

चाक म्हणजे तेच, फुटक्या मशीनचं. उकंडरावाच्या अंगणातून भिवाजीनं उचललेलं.

पण ते कुणाच्या हातात टिकेना. नाटकातले दोन मजूर म्हणजे ग्यानबा आणि लखीराम. ग्यानबानं फिरवलं की घोडा लंगडायचा, लखीरामानं फिरवलं की उधळायचा. गोजराबाई कोपऱ्यात पडदा टाचत बसली होती. ती उठली, "सरा बाजूले" म्हणाली आणि चाकावर हात ठेवला. जन्मभर शिवण घातलेला हात तो. घोडा एका चालीनं दौडत गेला.

"चाक वयनीचंच हाय," भिवाजी म्हणाला. "वयनीलेच फिरवू द्या."

फुकटात राबणारं माणूस मिळत होतं. उकंडराव हो म्हणाला. गोजराबाईच्या मालकीचं म्हणावं असं जगात तेवढंच झालं, चाकामागची हातभर जागा.

मग काठीचा पुठ्ठा करायची वेळ आली. भिवाजीनं एक मोठं भोक पाडलं. भोंग्यातून 'टाक' असा आवाज आला. सगळे खूश. गोजराबाईनं मान हलवली.

"हे लाकडावरचं झालं, भाऊ. पाठीवरचं नाई."

"पाठीवरचं कसं अस्ते?" भिवाजीनं विचारलं, आणि विचारल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

गोजराबाईनं मात्र सरळ सांगितलं, भाजीला फोडणी कशी द्यायची ते सांगावं तसं. "पयले वारा येते. मंग बद्द. खोल, ओल्या मातीवानी. अन् मंग काईच नाई, घटकाभर. थेच लय वाईट अस्ते."

तिनं टोचा हातात घेतला. फसफसणाऱ्या पट्टीखाली बारीक बारीक भोकं पाडली, आधी विरळ, मग दाट. मग घुमणाऱ्या पट्टीखाली एक रुंद भोक. आणि त्याच्यापुढं वीतभर पुठ्ठा कोराच ठेवला. चाक फिरवलं. 'फस्स्स्... बद्द.' आणि मग ती कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत लखीरामाच्या हातातली विडी खाली पडली. उकंडराव भोंग्याकडे पाहून म्हणाला, "जमलं." कुठून जमलं हे त्याच्या ध्यानात आलं की नाही, देव जाणे.

त्यानंतर दर माराचा एक पुठ्ठा झाला. घरी मार खाल्ला की दोनचार दिवसांनी ती टोचा घेऊन बसे. चुलीच्या लाकडाचा वेगळा, पट्ट्याचा वेगळा, आसुडाला शेवटी शिट्टीचं एक बारीक भोक. पुठ्ठ्यांची ट्रंक भरत गेली. घोडे आणि विजा खाली दबल्या. गावोगाव भोंगा बोलू लागला आणि 'जळकं वतन' पाहायला बैलगाड्या जुंपून माणसं येऊ लागली. पुरुष शिट्ट्या मारत. बायांच्या बाजूला मात्र काठीचा आवाज झाला की कुणी पोराला पाजायचंसुद्धा थांबे.

आता मंडळीचा कायदा सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

इंझोरीच्या प्रयोगात ग्यानबा आवाजाआधीच पडला. पडून झाल्यावर भोंगा बोलला. लोक पोट धरून हसले. प्रयोग संपताच उकंडरावानं सगळ्यांसमोर ग्यानबाच्या कानाखाली अशी ठेवून दिली की कानातून रक्त आलं. त्या कानानं ग्यानबाला पुढं कधी ऐकू आलं नाही. आणि त्याच जागी, रक्त गळत असताना, उकंडरावानं कायदा सांगितला. "भोंगा बोलल्याबिगर कोनी पडाचं नाई! अन् भोंगा बोलला त कोनी उभं राहाचं नाई! वारा झाला का काठीवाल्यानं हानाची, बद्द झालं का खानाऱ्यानं गुडघा टेकाचा, चूप झालं का उठाचं. मांडव पेटला तरी!"

मग त्यानं तालीम घेतली. रोज. चुकेल त्याला काठी. तो स्वतःही त्याच कायद्यात घोटला गेला, कारण नट खरा होता आणि स्वतःला सूट देत नसे. हळूहळू डोक्याला विचारायची गरजच उरली नाही. भोंगा बोलला की हात वर जात, गुडघे दुमडत. जेवणाच्या वेळी गोजराबाईनं चाक तपासायला फिरवलं तर लखीराम ताटावरच कोसळे.

मग पैनगंगेकडच्या एका गावची जत्रा आली. लांबलांबच्या वस्त्यांवरून आलेल्यांना उजेडी घरी पोचता यावं म्हणून प्रयोग तिसऱ्या प्रहरी होता. सकाळी उकंडराव चहाच्या दुकानावर बसला होता. गावचा एक टवाळ म्हातारा त्याला म्हणाला, "पाटील, आमी तुमाले पाहाले नाई आलो, भोंगा आयकाले आलो. चाक तुमची बायको फिरवते म्हन्तात?"

"हो."

"म्हंजे ते फिरवते अन् तुमी पडता!" म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. "वा रे मर्दा! आमच्या घरी उलटं हाय."

दुकान हसलं. उकंडराव उठला तो तडक मांडवात आला. गोजराबाई ट्रंकेपुढं बसून पुठ्ठे लावत होती. उजवा हात ट्रंकेत होता. त्यानं झाकणावर लाथ घातली.

पत्र्याची धार बोटांवर बसली. मोडल्याचा आवाज झाला, सुकी तुरकाठी मोडावी तसा. तिनं पदर दातांत धरला.

"आजचं नाटक शेवटचं," उकंडराव म्हणाला. "नाटक झालं का पेटी जाते इहिरीत, अन् तू चुलीपाशी. अन् बोंबलली त तूही इहिरीत. समजलं? लोकं मले हासून राह्यले तुह्यापाई."

तो तोंडाला रंग लावायला गेला. भिवाजी बॅटरी जोडत होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आला, बांबूची कामटी फोडली, तिची दोन बोटं कामटीला लावून वायरीवरची काळी चिकटपट्टी गुंडाळली.

"आज मी फिरवतो चाक, वयनी."

"नाई. डावा हाय ना." मग ती म्हणाली, "भाऊ, सुई ओवून द्या मले."

त्यानं सुई ओवून दिली. डाव्या हातानं आणि दातांनी तिनं शेवटच्या प्रवेशाची माळ उसवली. चार काठ्या आणि मग कुऱ्हाड, अशी ती माळ होती. तिनं कुऱ्हाडीचा पुठ्ठा काढला आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवला. मग एकेक पुठ्ठा वर घेतला. बाजेचा खूर, आसूड, पट्टा, चुलीचं लाकूड, आणि पहिलीवहिली ती काठी. टाका घातला, पुढचा जोडला, टाका घातला. आणि अखेर शेवटच्या पुठ्ठ्याचं टोक पहिल्याच्या टोकाला शिवून टाकलं.

भिवाजीनं ते पाहिलं. "वयनी, हे टोक टोकाले शिवलं तुमी."

"हो."

"मंग हे संपन कसं?"

गोजराबाईनं दोरा दातानं तोडला. "माहं कवा संपलं, भाऊ?"

भिवाजीनं मांडवाकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि बॅटरीपाशी जाऊन बसला.

मांडव खच्चून भरला. पेटी रंगमंचाच्या कडेला, बायांच्या बाजूला, पोत्याच्या आडोशामागं. नाटक रंगलं. उकंडराव त्या दिवशी जसा तळपला तसा कधी तळपला नव्हता; चहाच्या दुकानातलं हसू त्याला पुसून काढायचं होतं. शेवटचा प्रवेश आला. ग्यानबा आणि लखीराम काठ्या घेऊन दोन बाजूंनी आले. पाटील मध्ये.

'फस्स्स्.' काठ्या वर. 'बद्द.' काठ्या जमिनीवर, पाटलाचा गुडघा खाली. कोरी जागा. पाटील उठला. पुन्हा वारा, पुन्हा बद्द. पुन्हा. पुन्हा. शिट्ट्यांनी मांडव उचलला.

आता कुऱ्हाड. ग्यानबानं काठी टाकली, कोपऱ्यातली लाकडी कुऱ्हाड उचलायला हात पुढं केला. तोच वारा आला.

ग्यानबा गोंधळला. कुऱ्हाड तिथंच सोडून त्यानं काठी उचलली. बद्द. उकंडरावाचा गुडघा दुमडला. उठता उठता तो आडोशाकडे दात खाऊन पुटपुटला, "कुऱ्हाड लाव! कुऱ्हाड!"

आसूड आला. शिट्टीसकट.

उकंडरावानं मग आपल्या मनानंच मरायचं ठरवलं. पालथा पडला, एक हात छातीखाली, दुसरा पुढं. पण भोंगा चूप झाला, कोरी जागा आली, आणि त्याचं अंग आपोआप उठून बसलं. त्यानंच शिकवलं होतं त्याला. चूप झालं का उठाचं. उठलेल्या अंगावर पट्टा आला, मग चुलीचं लाकूड, मग पुन्हा काठी. माळ फिरून पहिल्याशी आली होती. गोजराबाईचा डावा हात एका चालीनं फिरत होता, फाटक्या लुगड्याला दंड घालावा तसा सरळ.

"थांबा रे! थांबा!" उकंडराव ओरडला. लोकांना वाटलं, नाटकात आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्यानबाचा बहिरा कान त्याच्याकडे होता.

आणि मग काठ्या जमीन सोडून सरकायला लागल्या. आधी कोटाच्या शिवणीला घासून गेल्या. मग खांद्यावर. ग्यानबाची पहिली खरी काठी बसली तेव्हा ग्यानबाच दचकला. दुसरी बसली तेव्हा दचकला नाही. लखीरामाचे डोळे तर मिटलेलेच होते. कोटाची ती उलटी लागलेली बाही, जिच्यापायी मशीन फुटलं होतं, ती खांद्यापासून फाटून लोंबायला लागली. खालून रक्त दिसलं. तोंडाचा रंग आणि नाकातलं रक्त एक झालं. तरी गुडघा दुमडत होता, तरी अंग उठत होतं. वारा. बद्द. वारा. बद्द.

गोजराबाई पाहत नव्हती. ती ऐकत होती. भोंग्यातलं बद्द आणि पाठीवरचं बद्द एका वेळी येत होतं आणि दोन्हींत तसूभर फरक नव्हता. पुठ्ठा बरोबर होता. इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून तिनं जे ऐकलं ते जसंच्या तसं भोकांत उतरलं होतं.

मग कोरी जागा आली आणि त्या कोऱ्या जागेत उकंडराव ओरडला. नटाचं ओरडणं नव्हे ते. बैलाला डाग देताना निघतो तसला आवाज.

तो आवाज तिच्या एकाही पुठ्ठ्यात नव्हता. तिनं त्या जागेत कधी काही ऐकलंच नव्हतं; ती जागा तिनं स्वतः दातांत पदर धरून कोरी ठेवली होती. तिचा हात चाकावरून खाली आला.

काठ्या वरच्या वर थांबल्या.

उकंडराव चार पायांवर होता. तो तसाच सरपटत मांडवाच्या कडेला गेला. तिथं खुंट्या ठोकायला आणलेली खरी कुऱ्हाड पडली होती. ती घेऊन उठला. पहिल्या घावात पोत्याचा आडोसा खाली आला. दुसऱ्या घावात पेटी चिरली. भोंगा एकदा किंचाळला आणि कायमचा मुका झाला. तो घाव घालतच राहिला. फळ्या, तारा, पितळी पट्ट्या उडत होत्या. चाक गडगडत बायांच्या पुढ्यात जाऊन पडलं. भिवाजी मध्ये आला तर त्याला कुऱ्हाडीच्या दांड्यानं छातीत ढोसून पाडलं. मग त्यानं गोजराबाईवर कुऱ्हाड उचलली.

पण आडोसा आता नव्हता. सगळ्या बायांना ती दिसत होती, काळी पट्टी गुंडाळलेल्या बोटांसकट. पुढच्या ओळीत गावची सुईण भुरीबाई बसली होती. म्हातारीनं गावातल्या झाडून साऱ्या बायांच्या पाठी बाळंतपणात चोळल्या होत्या. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, चाक उचललं, चालत आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"मार," ती म्हणाली. "पन इकडे तोंड करून मार. आमी साऱ्याजनी पाहून राह्यलो."

तिच्यामागं दुसरी उठली. मग केशरबाई म्हणून एक तरुण पोर कडेवरचं मूल जावेकडे देऊन उठली. मग अख्खी बाजू उठली. कुणी बोललं नाही, हात उचलला नाही. नुसत्या पाहत राहिल्या. पुरुषांतलाही एकजण हसला नाही, चहाच्या दुकानातला तो म्हातारासुद्धा.

प्रेक्षकांच्या नजरेवर जन्मभर जगलेला माणूस तो. ती नजर त्याला सोसली नाही. कुऱ्हाड त्याच्या हातातून सुटली. फाटक्या कोटात, तोंडाच्या रंगासकट तो मांडवाबाहेर गेला आणि सडकेवर उभ्या असलेल्या बसमध्ये चढला.

गोजराबाई खाली बसली आणि मातीतले पुठ्ठे वेचायला लागली. काहींवर त्याच्या पायाचे ठसे उमटले होते.

"पेटी गेली, वयनी," भिवाजी छाती चोळत म्हणाला. त्याला रडू फुटत होतं.

"पेटी नुसता गया व्हता, भाऊ. गानं ह्याच्यात हाय." तिनं पुठ्ठे झटकले. "दुसरा गया करा."

गया म्हणजे गळा. वऱ्हाडात 'ळ' कुणाला लागतो! भिवाजीनं दुसरी पेटी केली. दुसरे ट्रान्झिस्टर, दुसऱ्या फळ्या, चाक मात्र तेच. आवाज थोडा पातळ निघाला, पण पुठ्ठा आत जाताच पेटी तेच बोलली. टपरीत पहिल्यांदा काठी वाजली तेव्हा बाकड्यावर चहा पीत बसलेले ग्यानबा आणि लखीराम कपबशांसकट गुडघ्यावर आले. गोजराबाई हसली. तिला हसू येतं हे मंडळीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. ती माहेरी भावाकडे राहू लागली, ग्यानबा पाटील झाला, आणि मंडळी तिच्या नावावर चालायला लागली. ग्यानबा मरायचा वाईट, तोही काठ्यांनीच, कारण कुऱ्हाडीचा पुठ्ठा ट्रंकेच्या तळाशीच पडून होता; पण कुणाला मारायचा नाही.

उकंडराव मंगरूळपीरच्या बाजारात हमाली करत होता. एकदा भिवाजी टपरीत भोंगा तपासत असताना रस्त्यापलीकडून तो पाठीवर पोतं घेऊन चालला होता. बद्द झालं आणि तो पोत्यासकट गुडघ्यावर आला. भिवाजीनं चाक थांबवलं. पण तेव्हापासून हमालांना खेळ सापडला. कुणीही मागून 'फस्स्स्... बद्द' असा तोंडानं आवाज काढायचा, आणि तो पडायचा. दिवसातून कितीदा तरी. पडायचा, उठायचा, मुकाट पोतं उचलायचा.

भिवाजीनं हे गोजराबाईला सांगितलं. तिनं टाका ओढून घेतला.

"लोकं हासतात?"

"हासतात."

"त्या दिशी कुऱ्हाड राह्यली," ती म्हणाली. "त्याचं मरन झालंच नाई, भाऊ. मेल्याबिगर पाटलाची सुटका नाई."

मंगरूळपीरच्या बाजाराच्या दिवशी 'जळकं वतन' लागलं. तिसरा प्रहर. नाटकाला अजून वेळ होता, मांडवात माणसं येतच होती. गोजराबाईनं भोंगा उचलायला लावला आणि बाजाराकडे तोंड करून बांधायला सांगितलं. भिवाजी बांबूच्या शिडीवर चढला. तिथून धान्याचे ढीग, बैलगाड्या, हमाल, सगळं दिसत होतं. तिनं ट्रंकेत तळापर्यंत हात घातला. वाकडी जुळलेली दोन बोटं पुठ्ठ्यावरून फिरली आणि तो सापडला. बरेच दिवस न वापरलेला, कडा मऊ पडलेला, एकटाच. तो कशाला शिवलेला नव्हता.

तिनं पुठ्ठा आत सरकवला आणि चाक फिरवलं. कुऱ्हाडीचा घाव अख्ख्या बाजारावरून गेला.

शिडीवर भिवाजी टाचा उंचावून पाहायला लागला.

"पडला?" तिनं विचारलं.

"पोतं खाली ठेवलं त्यानं. पडला. पालथा. एक हात छातीखाली घेतला." भिवाजी आणखी एक पायरी वर चढला. "लोकं गोया झाले, वयनी. त्यायले वाटलं, मेलाच."

"हासून राह्यले?"

"नाई. कोनीच नाई हासत."

गोजराबाई चाकावर हात ठेवून थांबली. तिनं काही लावलं नाही. भोंग्यातून नुसती बारीक खरखर येत होती.

"उठला?"

"थांबा... हलला. हो. उठून राह्यला. धोतर झाडते." भिवाजी शिडीवरून वाकला. "पोतं घेतलं पाठीवर. चालला. एकजन मागून तोंडानं आवाज काढून राह्यला त्याच्या... नाई पडला, वयनी! चाललाच थो, सीधा!"

गोजराबाईनं कुऱ्हाडीचा पुठ्ठा पेटीतून काढला, पदरानं पुसला आणि नाटकाच्या माळेच्या शेवटी, त्याच्या जुन्या जागी शिवायला घेतला.

"मंग भोंगा फिरवा इकडे," ती म्हणाली, "अन् ग्यानबाले सांगा, पडदा वर घे."